जुना पुएर चहा: फोडायचा की ठेवायचा?

पागोळी (ठाणे)

पुएर चहाबद्दल जिथे जाल तिथे एकच ऐकू येतं, जितका जुना तितका चांगला. मला हे पटत नाही. एकाच वयाचे दोन पुएर शेजारी ठेवून प्यायले तरी कळतं की नुसत्या वयाने काही होत नाही. तो इतकी वर्षं कुठे आणि कसा राहिला यावर बरंचसं ठरतं. इथल्या जाणकारांचं मत हवंय, कारण प्रश्न आता घरात येऊन बसलाय.

ज्यांना पुएर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा चीनच्या युनान प्रांतातला चहा. मोठ्या पानाचा, म्हणजे आपल्या आसाम चहाच्याच जातीचा. पानं कढईत परततात, मळतात, उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दाबतात आणि चकती करतात. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात चकत्यांची चळत बांबूच्या सालीत बांधतात. ती चकती तशीच ठेवली की वर्षानुवर्षं हळूहळू बदलत जाते, तो शंग म्हणजे कच्चा पुएर. आणि दाबण्याआधी पानांचा ढीग ओला करून दीड-दोन महिन्यांत आंबवून काढतात तो शू, म्हणजे पक्का.

माझ्याकडे आलेली चकती शंग आहे. मंगहाय कारखान्याची ७५४२, तुकडी ६०१. नवऱ्याच्या ऑफिसातले एक मलेशियन गृहस्थ निवृत्त झाले, त्यांनी दिली. इतकी वर्षं क्वालालंपूरला त्यांच्या घरच्या कपाटात होती. मी कागद उघडून वास घेतला, तेवढंच. वास स्वच्छ आहे, कुबट अजिबात नाही.

आता पावसाळा तोंडावर आलाय. फोडून प्यायला घ्यावी की अजून दहा वर्षं ठेवावी? ठेवायची तर आपल्या हवेत कशी? आणि करताना काय बघायचं? शू मी बरीच वर्षं पितेय, इतका जुना शंग पहिल्यांदाच.

चिमणी

फोटो बघितला. आमच्या आजीने गोवरी समजून बंबात घातली असती!

साखरकमी

वाचतोय. या विषयावर मराठीत काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

किटलीवाला (क्वालालंपूर)

पागोळी, आधी आकड्यांचं सांगतो, कारण त्यात बरीच माहिती आहे. ७५४२ मधला ७५ म्हणजे हे मिश्रण ज्या साली ठरलं ते १९७५. पुढचा ४ म्हणजे पानाची प्रत. आकडा जितका लहान तितकं पान कोवळं. शेवटचा २ म्हणजे मंगहाय कारखाना. युनानमधल्याच कुनमिंगच्या कारखान्याचा आकडा १, श्यागुआनच्या कारखान्याचा ३. तुकडी ६०१ म्हणजे २००६ ची पहिली. ७५४२ हे शंगमधलं मोजमापच मानलं जातं. कुठल्याही जुन्या चकतीबद्दल बोलायचं झालं की लोक तिची तुलना याच्याशी करतात.

आता इथल्या हवेबद्दल. आमच्याकडे वर्षभर ऊन, वर्षभर दमट. दिवसा तापमान तिशीच्या वर, रात्रीही फारसं खाली उतरत नाही. त्यामुळे चहा थांबत नाही, सतत चालत राहतो. कुनमिंगसारख्या थंड, कोरड्या हवेतली तीच चकती आज बरीच कोवळी लागेल, आणि तुमची नक्की तपकिरी झालेली असेल. घरातल्या कपाटात राहिली आणि वास स्वच्छ आहे, म्हणजे साठवण चांगली झालीय. मी तुमच्या जागी असतो तर फोडली असती.

घाटमाथा (पुणे)

थोडं विरुद्ध बाजूने बोलतो. जुन्या पुएरचा सगळा मामला मला चहापेक्षा शेअर बाजाराचा जास्त वाटतो. २००७ च्या वसंतात याचे भाव आभाळाला टेकले होते आणि त्याच वर्षी कोसळले. ज्यांनी घरात खोक्यांच्या राशी लावल्या होत्या ते अडकले. लाओ बानजांगसारख्या गावाचं नाव कागदावर छापलं की किंमत कितीतरी पटीने वाढते, आणि त्या गावात जितका चहा पिकतो त्याहून जास्त त्या नावाने विकला जातो. मग "जुना म्हणून चांगला" हे चवीचं बोलणं आहे की साठेबाजांचं?

शिवाय २००६ म्हणजे फुग्याच्या आदल्याच वर्षीचा माल. मागणी एवढी की हाती आलेलं पान दाबून विकत होते.

किटलीवाला

घाटमाथा, बाजाराबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यात वाद नाही. त्या दोन-तीन वर्षांत बारक्या कारखान्यांनी वाटेल तो माल काढला. पण मंगहायचं मिश्रण ठरलेलं होतं, तिथे मिश्रण जुळवणारी अनुभवी माणसं होती. तेवढ्यावर पागोळींची चकती बाद करता येणार नाही.

आणि भाव कोसळल्यावर चव कोसळली नाही. मी पितो ते प्यायला, विकायला नाही.

प्रयोगवही

माझं काम सूक्ष्मजीवशास्त्रातलं, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

शंग आणि शू या दोन्हींत जे घडतं ते वेगळं आहे, दोन्हीला सरसकट "आंबवलेला" म्हटल्याने घोटाळा होतो. शू मध्ये ढीग ओला करून ओल्या कापडाने झाकतात. आतलं तापमान ५०-६० अंशांपर्यंत चढतं, मग माणसं फावड्याने ढीग उलटापालटा करतात. हे काम प्रामुख्याने बुरशीचं, त्यात अ‍ॅस्परजिलस नायगर मोठ्या प्रमाणात. हीच जात कारखान्यांत सायट्रिक आम्ल बनवायला वापरतात. कुनमिंग आणि मंगहायच्या कारखान्यांनी १९७३ ते ७५ च्या सुमारास ही पद्धत बसवली, तीही ग्वांगदोंगमध्ये ओलावा देऊन चहा लवकर मुरवायचे जे प्रयोग चालत ते बघून. कारण हाँगकाँगच्या बाजाराला गडद, मवाळ चहा हवा होता आणि शंग मुरेपर्यंत वीस वर्षं थांबायला कोणी तयार नव्हतं.

शंग मध्ये सुरुवातीला पान कमी आचेवर परततात, म्हणून त्यातली सगळी विकरं (एन्झाइम) मरत नाहीत. मग हवेतला प्राणवायू, ओलावा, ऊब आणि थोडेफार सूक्ष्मजीव असं सगळं मिळून हळू काम चालतं. कडू-तुरट कॅटेचिन्स कमी होत जातात, गडद रंगाची मोठी संयुगं वाढतात. कॅफिन मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. जुना चहा मवाळ लागतो म्हणून रात्री दहाला पिऊन झोप येईल असं समजू नका.

मुद्दा असा की वय हे घड्याळ नाही. ऊब आणि ओलावा किती मिळाला यावर चहाचं खरं वय ठरतं. पागोळींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.

सोलकढी (मालवण)

मग आमच्या कोकणात तर पुएर पाच वर्षांत म्हातारा होईल!

प्रयोगवही

म्हातारा होण्याआधी बुरसटेल. सापेक्ष आर्द्रता ऐंशीच्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहिली की नको ती बुरशी धरते. साठच्या आसपास ते सत्तर एवढी बरी. कोकणात जून ते सप्टेंबर चकती उघड्यावर ठेवायचीच नाही.

सोलकढी

माझी पद्धत सांगतो, इथल्या हवेत ती टिकलीय. मे महिन्यात, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, चकत्या कागदासकट जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालायच्या, आत ६२ किंवा ६५ टक्क्यांची ओलावा राखणारी पुडी, हवा दाबून काढायची. दसरा झाला की पिशवीतून काढून चकाकी न दिलेल्या मातीच्या बरणीत. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, तेवढं घ्याच. अंदाजावर चालत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. चहा वास ओढतो. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतात, तिथे चकती ठेवली तर संपली. देवघराजवळ नको, उदबत्तीचा वास बसतो. मसाल्याच्या फडताळात तर नकोच नको. माझ्या ओळखीच्या एकाने सुक्या बांगड्याच्या डब्याशेजारी ठेवली होती, ती चकती कोणाच्याही कामाची उरली नाही.

चिमणी

बांगडा पुएर. मालवणात खपेल.

जुनेजाणते

ऐंशीच्या दशकात मी जहाजावर होतो, हाँगकाँगला वारंवार जाणं व्हायचं. तिथे याला पो-ले म्हणतात आणि सकाळच्या डिमसमबरोबर, म्हणजे वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या न्याहारीबरोबर, तोच पितात. आपल्याकडच्या इराण्याच्या हॉटेलाइतकी गर्दी, इतकाच गोंगाट. म्हातारी माणसं वर्तमानपत्र घेऊन तासन्‌तास बसलेली. किटलीतलं पाणी संपलं की झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं, वाढपी न बोलता गरम पाणी ओतून जातो. कोणी तुमचा पेला भरला तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, तेच आभार. शेवंतीची सुकी फुलं घालूनही पो-ले देत, तो मला फार आवडे.

तिथला चहा आपण ज्याला "जुना" म्हणतो तसा असे, पण गोदामातला. गोदामं तळघरात, ओलसर. चहा तिथे काही वर्षं ठेवायचा, मग वर कोरड्या जागी आणून गोदामाचा वास उडू द्यायचा. व्यवस्थित केलं तर गोड, मऊ, ओल्या जमिनीचा हलका वास असलेला चहा होतो. आळस केला तर नुसतं तळघर. पागोळी, तुम्ही जे दोन चहा शेजारी ठेवले म्हणता, त्यातला एक असाच आळसाचा असणार.

पागोळी

जुनेजाणते काका, अगदी तसाच होता! एका दुकानातून मागवलेला, "तीस वर्षं जुना" असं लिहिलेला. त्याच पानांवर तीनदा पाणी घातलं की संपला आणि कपड्यांच्या जुन्या ट्रंकेचा वास.

सगळ्यांचे आभार. किटलीवाला, खरी-खोटी चकती कशी ओळखायची तेही सांगाल का?

किटलीवाला

कागदावर जाऊ नका, कागद कोणीही छापतो. चकतीत दाबलेली एक छोटी चिठ्ठी असते, ती काढायला गेलं की पानं फाटतात, म्हणजे दाबतानाच घातलेली. ती बघा. पण तिचीही नक्कल होते. शेवटी पान आणि पाणी. पंधरा-वीस वर्षांच्या शंगचं पाणी नारिंगी-तांबूस असतं आणि पारदर्शक. उकळलेली पानं बोटांत चोळली तर लवचीक राहतात, तपकिरी पण जिवंत. काळी, कडक, कोळसा झालेली पानं दिसली आणि विकणारा शंग म्हणत असेल, तर जास्त ओलाव्यात ठेवलेला आहे किंवा शू मिसळलाय.

अगदी जुने, म्हणजे १९५० च्या दशकातले लाल शिक्क्याचे वगैरे, त्यांचा लिलाव होतो. त्या दुनियेत आपण शिरायचं कारण नाही.

दालीकर

मी एमबीबीएस युनानमधल्या दालीला केलं. आमच्या वेळी तिथे महाराष्ट्रातली बरीच मुलं होती. मजा म्हणजे श्यागुआन, जिथला तीन नंबरचा कारखाना, ते दालीचंच शहर. कॉलेजमधून निघालं की वाटेत चहाची दुकानं. तिथली खासियत चकती नाही, थुओ. वाटीसारखा आकार, मध्ये खोलगट. १९०२ पासून तिथे हा आकार करतात असं सांगतात. फार घट्ट दाबलेला असतो, फोडायला ताकद लागते आणि मुरायलाही जास्त वर्षं लागतात. हवेत धुराचा हलका वास.

त्या भागात बाय लोक राहतात. त्यांच्याकडे पाहुण्याला तीन पेले देतात. पहिला छोट्या मातीच्या भांड्यात भाजून केलेला, कडू. दुसऱ्यात गूळसाखर, अक्रोड आणि तिथल्या सायीसारख्या चीजचे काप. तिसऱ्यात मध, आलं आणि तिरफळासारखं जिभेला झिणझिण्या आणणारं फळ. आम्हा मुलांना दुसरा पेला सगळ्यात आवडायचा, साखर होती ना.

एक कामाची गोष्ट. दाली सुमारे २,००० मीटर उंचीवर, कुनमिंग १,९०० च्या आसपास. तिथे पाणी ९३-९४ अंशांनाच उकळतं. त्यामुळे "उकळतं पाणी घाला" असं युनानमधला माणूस म्हणतो तेव्हा ते आपल्या ठाण्याच्या उकळत्या पाण्याइतकं तापलेलं नसतं. नवा शंग आपल्याकडे धडधडत्या पाण्यात केला तर फार कडू होतो. तो ८५-९० ला करा. जुन्याला मात्र पूर्ण उकळतं पाणीच हवं, त्याशिवाय त्याचा वास उघडत नाही.

साखरकमी

दूध घालून चालेल का? खरोखर विचारतोय.

घाटमाथा

माझाही तोच प्रश्न. आणि साखर?

दालीकर

शू मध्ये दूध चालतं, छान लागतं. तिबेटी लोक तर दाबलेला चहा उकळून लोणी आणि मीठ घालतात, मंगोल दूध घालतात. दाबलेल्या विटेच्या चहाचं मोठं गिऱ्हाईक पूर्वापार तेच. युनान आणि सिचुआनहून खेचरांच्या तांड्यांवरून तो चहा तिबेटात जायचा, बदल्यात घोडे. दाबून विटा करण्यामागे तेही कारण, खेचरावर कमी जागेत जास्त माल.

पण साखरकमी, वीस वर्षांच्या शंगमध्ये दूध घालू नका हो. जी चव यायला वीस वर्षं लागली तीच दुधाखाली झाकली जाते.

डोंगरवाट (दिब्रुगढ)

अवांतर, पण याच धाग्यात शोभेल. मी नोकरीनिमित्त वरच्या आसामात आहे. इकडे आणि अरुणाचलात सिंगफो लोक राहतात. ते पान परतून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि नळी चुलीवर टांगतात. धुरात ती वर्षानुवर्षं राहते. लागेल तेव्हा सुरीने चकती कापून उकळायची. याला फालाप म्हणतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला सिंगफो सरदार बीसा गाम यांच्याकडून या भागातल्या चहाची माहिती मिळाली, त्यानंतर आसामातले इंग्रजांचे मळे झाले. म्हणजे इंग्रज यायच्या आधीपासून इथे हा चहा होता.

झाड तेच, परतणं-वाळवणं तेच, ठेवून मुरवणंही तेच. युनान इथून नकाशावर फार लांब नाही, मध्ये म्यानमारचा पट्टा. आपल्याच देशात मुरलेला चहा आहे आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. पुएर जरूर प्या, पण एकदा फालापही मागवा. बनवणाऱ्या घराला थेट पैसे मिळतात.

पागोळी

हे अजिबात अवांतर नाही. मागवणार. धुराचा वास किती येतो?

डोंगरवाट

वर्षावर आहे. पहिल्या वर्षी चुलीत तोंड घातल्यासारखा! नंतर बसत जातो, मग मागे गोडवा राहतो. साखर न घालता, पातळ करून प्या.

घाटमाथा

डोंगरवाट यांच्या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

आता तब्येतीचं. वजन उतरतं, कोलेस्टेरॉल उतरतं असं प्रत्येक पुड्यावर लिहिलेलं असतं. प्रयोगवही, यात तथ्य किती?

प्रयोगवही

उंदरांवर बरंच काम झालंय, माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. वजन उतरवायला पुएर विकत घेऊ नका. जेवणानंतर साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचा प्यायलात तर जो फरक पडेल तो साखर गेल्याचा.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. चहाचं झाड फ्लोराइड शोषतं आणि ते जून पानांत साठतं. स्वस्त विटांच्या चहात जून पानं, देठ असतात. तिबेटात असा चहा दिवसभर उकळून पिणाऱ्या लोकांत हाडांचा फ्लोरोसिस आढळलेला आहे. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मंडळींनी जाड्याभरड्या विटेचा चहा रोज लिटरभर पिऊ नये. पागोळींच्या ७५४२ सारख्या मध्यम-कोवळ्या पानाचे दोन-चार पेले ही वेगळी गोष्ट.

आणि बुरशी. केसाळ, पिवळी, हिरवी, काळी दिसली तर चकती टाकून द्या, पुसून-बिसून वापरू नका. हुनानमधल्या एका विटेच्या चहात सोनेरी ठिपके मुद्दाम वाढवतात, ती वेगळी, ठरवून वाढवलेली बुरशी. तिचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला बुरसटलेली चकती विकू पाहील, तर घेऊ नका.

किटलीवाला

विटा-चकत्यांवरून आठवलं, आमच्या मलेशियात इपोहला गेलात तर लिऊ बाओ जरूर प्या. चीनच्या ग्वांगशीमधला काळा चहा. पेराक राज्यातल्या कथिलाच्या खाणींत दक्षिण चीनमधून मजूर आले, त्यांच्या मागोमाग हा चहा आला. बांबूच्या मोठ्या टोपल्यांत भरलेला. उन्हातान्हात खाणीत राबणारी माणसं दिवसभर तोच पीत. खाणी बंद पडल्या आणि टोपल्या दुकानांच्या माळ्यांवर तशाच राहून गेल्या. आज त्यातला चहा चीनमधले लोक इथे येऊन विकत नेतात. सुपारीसारखा वास येतो त्याला, आपल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. पुएरइतका महाग नाही.

जुनेजाणते

बरं, पागोळींचा मूळ प्रश्न राहिलाच. माझं मत, कडेचा एक तुकडा काढा आणि प्या. सगळी चकती फोडायची गरज नाही. तुम्हाला आजच आवडली तर पीत राहा. तोंडात अजून कडवटपणा राहत असेल तर ठेवा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून दहा वर्षं थांबू नका.

दालीकर

+१. फोडण्यासाठी सुरी नको, हात कापतो. चहाची सुई मिळते, नाहीतर बोथट टोकाचा जाड दाभण. चकतीच्या कडेकडून आडवी सरकवायची, थरांच्या मधून, आणि हलकेच उचलायची. वरून भोसकलं तर भुगा होतो आणि भुग्याचा चहा कडू. काढलेला तुकडा छोट्या मातीच्या बरणीत आठ-पंधरा दिवस राहू द्या. कागदातून नुकताच निघालेला चहा बंद-बंद लागतो.

पाणी शक्यतो महापालिकेचं, तलावाचं. मुंबई-ठाण्याचं ते मऊ असतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी चवीवर झाकण टाकतं.

पागोळी (काही आठवड्यांनंतर)

केला! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

कडेचा तुकडा दाभणाने काढला, बरणीत ठेवला. १०० मिलिच्या गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या चिनी पेल्यात, ६ ग्रॅम. पहिलं उकळतं पाणी घालून लगेच ओतून टाकलं, झाकण ठेवून पानं तशीच वाफेत थोडी थांबू दिली. ते झाकण उचलल्यावरचा वास मी विसरणार नाही. सुकं लाकूड, किंचित कापूर, आणि मागे वाळलेल्या खारकेसारखं काहीतरी.

पहिली दोन पाणी दहा-दहा सेकंद. रंग तांबूस, स्वच्छ, पेल्याचा तळ दिसतोय. चव मला वाटली त्यापेक्षा मऊ, पण लांबट. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कडवटपणा वर आला, अगदी थोडा, आणि गिळल्यावर तो घशाशी गोड झाला. याचं वर्णन मी वाचलं होतं, पण वाचणं आणि घशात होणं यात फार अंतर आहे. दहाव्या पाण्यापर्यंत वेळ वाढवत नेला, अर्ध्या मिनिटापासून दीड-दोन मिनिटांपर्यंत. शेवटी पानं पातेल्यात घालून उकळली, तर तो काढाही गोडसर.

घाटमाथा, फुग्याच्या आदल्या वर्षीची असली तरी चकती सरस निघाली. आणि किटलीवाला, पानं लवचीक आहेत, तपकिरी, बोटांत उलगडतात.

आता ठरवलंय की अर्धी पीत जायची आणि अर्धी सोलकढींच्या पद्धतीने पिशवीत. वय वाढवायचं म्हणून नाही ठेवत, दर वर्षी एकदा काढून बघायचंय की ठाण्याच्या हवेत ती कुठे जाते.

घाटमाथा

हे वाचून मीच बसलो गूगल करत. सीमाशुल्क धरून किंमत परवडेल असा एखादा साधा शू सुचवा कोणीतरी. फुग्यात पडायचं नाही, चव बघायची आहे.

किटलीवाला

मंगहायचाच ७५७२. हे पक्क्यातलं मोजमाप. नवा घेऊ नका, दोन-चार वर्षांचा घ्या, म्हणजे ढिगाचा वास उडालेला असतो. आधी छोटा नमुना मागवा. गायवान नसेल तर अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये तीन ग्रॅम टाकून उकळतं पाणी घाला आणि तासाभराने प्या. ऑफिसात हेच सगळ्यात सोपं.

घाटमाथा

धन्यवाद. मागवतो आणि इथेच कळवतो.

चिमणी

माझ्याकडे भेट आलेलं गायवान आहे, पण दर वेळी बोटं भाजतात. काय करायचं?

दालीकर

पाणी काठोकाठ भरू नका, झाकण जिथे टेकतं त्याच्या खालीच थांबा. काठ बाहेरच्या बाजूला चांगला पसरलेला असेल असं गायवान घ्या, पातळ चिनी मातीचं. धरताना अंगठा आणि मधलं बोट काठाच्या टोकाला, तर्जनी झाकणाच्या गाठीवर. ओतताना पूर्ण तिरकं करा, घाबरत थोडंथोडं ओतलं की वाफ बोटांवर येते. आधी आठवडाभर गार पाण्याने सराव करा.